मळ्यात पाठवायचं कॅलेंडर



गेले दोन दिवस मी कॅलेंडर आणि लाल पेन घेऊन बसले आहे. जुलैपासून दिवाळीपर्यंतच्या सगळ्या अष्टमी-चतुर्दशींना गोल केले. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस एका आडव्या रेघेनं जोडले. 2023 मध्ये श्रावण अधिक, म्हणजे चातुर्मास पाच महिन्यांचा, म्हणून तो जास्तीचा महिनाही वेगळा दाखवला. आमच्या ह्यांनी विचारलं, "एवढं कुणासाठी? तुला तर सगळ्या तिथी पाठ आहेत." खरंच, हे माझ्यासाठी नाहीच. हा कागद एका भाजीच्या मळ्यात जायचा आहे आणि त्या घरात कुणी जैन नाही.

हा कागद 2020 सालीच जायला हवा होता. तेव्हा गेला नाही, त्याची ही हकीकत. ती सांगताना माझी चूकही सांगावी लागेल, तर सांगते.

तुमच्यातल्या बऱ्याच जणी कोल्हापूर-सांगलीकडच्या. तिथं भाजीची ददात म्हणजे काय हे कळायचं नाही. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. घरामागं मळा, सकाळी काढलेली भाजी दुपारी आमटीत. लग्न होऊन मालवणला आले तेव्हा पहिला धक्का बसला तो याचाच. इथल्या बाजारातली बहुतेक भाजी घाटावरून येते, कोल्हापूरहून, बेळगावहून. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, ढबू मिरची, सगळं रात्रीच्या गाडीनं घाट उतरतं. एवढा पाऊस पडणारा हा मुलूख, पण जांभ्या दगडात पाणी टिकत नाही आणि एप्रिल-मे आला की विहिरी तळ दाखवतात. धामापूरच्या तलावासारखी सोय सगळ्या गावांच्या नशिबी कुठली! (1530 साली बांधलेल्या त्या तलावाला त्याच 2020 सालात जागतिक वारसा सिंचनस्थळाचा मान मिळाला. आपण तिथं फिरायला जातो आणि फोटो काढून परत येतो.) म्हणून इथले मळे छोटे. भात कापून झालं की वायंगणात लाल माठ, मुळा, वाली, चवळी. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडका, कारली, काकडी. घरची बाई पहाटे काढते, टोपलीत भरते आणि बाजारात रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसते.

22 मार्च 2020 ला जनता कर्फ्यू झाला, 25 पासून टाळेबंदी. आमचं किराणा दुकान, म्हणून ते उघडं. पण आठवडा बाजार बंद झाले आणि गोणपाट अंथरायला जागाच उरली नाही. घाटावरच्या गाड्यांना परवानगी होती, तरी जिल्ह्याच्या हद्दीवर तपासणी, चालकांना भीती, गाडी कधी यायची कधी नाही. आली की दुकानात दोरीच्या पलीकडं रांग लागायची आणि टोमॅटो अर्ध्या तासात संपायचे.

गंमत अशी, की त्याच दिवसांत इथून आठ-दहा किलोमीटरवर ताजी भाजी वाफ्यातच म्हातारी होत होती.

चौक्याच्या अलीकडं एका वाडीत हा मळा आहे. जागा वीस-बावीस गुंठे, एक विहीर, एक पंप. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मी तिला ताई म्हणते, ती मला वयनी. पूर्वी बाजारात तिच्याकडून मी भाजी घ्यायची, तेवढीच ओळख. तिचा मुलगा तारकर्लीला पर्यटकांच्या होडीवर कामाला होता. पर्यटन बंद पडलं, पोरगा घरी आला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो तोंडाला रुमाल बांधून स्कूटरवरून आमच्या दुकानात आला. मागं दोन पिशव्या लाल माठ आणि चवळीच्या शेंगा. म्हणाला, "आई म्हणता, घेतल्यास तर घेवा, नायतर गुरांक घालूचा हा."

मी सगळं घेतलं आणि आमच्या मोजक्या घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. तासाभरात पिशव्या संपल्या. अशी सुरुवात झाली. यात कुणाची दूरदृष्टी वगैरे काही नव्हती.

पुढचे दोन आठवडे नुसता गोंधळ. प्रत्येकीचा निरोप वेगळा. एकीला पाव किलो भेंडी, तीही कोवळी. दुसरीला काकडी दोनच. तिसरी रात्री दहाला सांगणार, उद्या नको. तो पोरगा सतरा पुड्या बांधायचा, घरोघर जायचा आणि पेट्रोलचे पैसेही निघायचे नाहीत. शेवटी एका दुपारी मी वही घेऊन बसले. मी 1980 ची बी.कॉम. नोकरी कधी केली नाही, पण दुकानाच्या चोपड्या आयुष्यभर लिहिल्या. भाजीचा हिशेब मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा मांडला. तुम्हीही मांडून बघा.

धरून चला, बाजाराच्या दिवशी ती चाळीस जुड्या घेऊन निघाली, दहा रुपयांना एक. सकाळी अठ्ठावीस गेल्या. बाराच्या उन्हात पानं माना टाकतात, मग सहा जुड्या पाच रुपयांनी दिल्या, कारण आपल्यासारख्या कुणीतरी "आता काय घरी नेणार आहेस का?" असं म्हटलं. सहा उरल्या त्या गुरांना. हातात तीनशे दहा. त्यातून टेम्पोचं भाडं, जागेची पावती, एक चहा. अडीचशेच्या आत रक्कम आली आणि बाईचा अख्खा दिवस गेला. तिच्या श्रमाचे पैसे या हिशेबात कुठंच नाहीत, ते आपण कधीच धरत नाही. आता दुसऱ्या बाजूनं बघा. तिला आदल्या रात्री नक्की ठाऊक आहे की उद्या तीसच जुड्या जाणार. ती तीसच काढते, तीनशे रुपये येतात आणि दहा जुड्या जमिनीतच राहतात, चार दिवसांनी कामाला येतात. भाव एक पैसाही वाढवला नाही. फरक पडला तो फक्त आधी कळण्यानं.

आंब्याचं तसं नाही. त्याच उन्हाळ्यात आपल्या हापूसवाल्यांनी थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये पेट्या पाठवल्या, फोनवर मागणी घेतली. वाशीची बाजार समिती मे महिन्यात आठवडाभर बंद ठेवावी लागली होती. एसटीनंही त्याच मे महिन्यात मालवाहतूक सुरू केली आणि रत्नागिरीहून बोरिवलीला आंब्याच्या पेट्या गेल्या. ते सगळं पेपरात आलं, कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण आंबा अढीत पंधरा दिवस थांबतो. लाल माठ दुपारपर्यंत थांबत नाही. त्याला गिऱ्हाईक हवं ते दहा किलोमीटरच्या आतलं आणि आदल्या रात्री शब्द दिलेलं. म्हणून भाजीवाल्या बाईचा प्रश्न मुंबईनं सुटत नाही. तो तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातच सुटायचा असतो.

तर आम्ही ठरवलं: सुटी मागणी बंद. बुधवारी आणि शनिवारी एक पिशवी, दोनशे रुपयांची. मळ्यात जे असेल ते त्यात. महिन्याचे पैसे एक तारखेला आगाऊ. पिशव्या घरोघर न्यायच्या नाहीत, आमच्या दुकानात ठेवायच्या, ज्यानं त्यानं न्यायच्या. इतर लोकही आले, शिक्षक, बँकेतले, दोन डॉक्टर. त्यांच्या पिशवीत मुळा असे, कांद्याची पात असे. आपल्या घरांच्या पिशवीत कंदमूळ नाही, मुळ्याचा पालाही नाही, म्हणून तिला पांढरा दोरा. पोरगा एकदाही चुकला नाही. मला वाटतं आपल्या काही सुना तरी चुकल्या असत्या. असो.

आगाऊ पैशांबद्दल दोघी-तिघींनी कुरकूर केली. "आधी माल, मग पैसे" ही आपली व्यापारी घरांची रीतच. पण कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, की गिऱ्हाइकानं दिलेली आगाऊ रक्कम ताळेबंदात देण्यांच्या बाजूला लिहायची. ते शेतकऱ्यावर कर्जच असतं, फक्त बिनव्याजी, आणि फेडायचं ते भेंडी-पडवळानं. तिला बियाणं, शेणखत, पंपाचं बिल यासाठी कुणाकडं हात पसरायला लागला नाही. आपण बँकेत ठेव ठेवतो तेव्हा इतकी खळखळ करतो का?

आणि हे काही आम्ही शोधून काढलं नाही. जपानमध्ये 1970 च्या दशकात गृहिणींनीच हे सुरू केलं. फवारणीची भाजी मुलांना नको म्हणून त्यांनी थेट शेतकऱ्यांशी करार केले: तुम्ही पिकवाल ते आम्ही घेऊ. त्याला तिकडं तेइकेई म्हणतात, म्हणजे हातमिळवणी. अमेरिकेत 1986 च्या सुमाराला दोन शेतांवर अशीच रीत सुरू झाली. हंगामाच्या आधी वर्गणी भरायची आणि पीक येईल तसा वाटा न्यायचा. आपल्याकडं 2016 साली फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढल्या, तेव्हापासून शेतकऱ्याला शहरात थेट विकायची वाट मोकळी झाली. सप्टेंबर 2020 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी पुण्या-मुंबईतल्या शेतकऱ्यांच्या आठवडे बाजारांचा उल्लेख केला होता, जवळजवळ 70 गावांतल्या साडेचार हजार शेतकऱ्यांचा माल तिथं थेट विकला जातो म्हणून. मोठ्या शहरांत ते शोभतं. आमच्याकडं एक बाई, एक विहीर आणि वीसेक घरं.

आता माझी चूक.

एप्रिल ते जून आपल्या घरांनी पालेभाजी भरपूर नेली. लाल माठ तर संपायचा आधी. जुलैच्या सुरुवातीला चातुर्मास लागला आणि आपण पालेभाजी बंद केली. तेव्हा कुणाला काही जाणवलं नाही, कारण धो धो पावसात मळ्यातही पालेभाजी नव्हतीच. पडवळ, दोडका, काकडी येत होती, आपण नेत होतो. ताईला वाटलं, आहे ते नेताहेत. गणपती झाले, पाऊस थोडा उघडला, आणि तिनं आपल्या घरांच्या उन्हाळ्यातल्या मागणीचा अंदाज धरून तीन वाफे लाल माठ आणि एक वाफा मेथी टाकली. ऑक्टोबरात पोराचा निरोप आला, बुधवारपासून पिशवीत पालेभाजी. फोटोही पाठवला, पानं इतकी सुरेख की बघत राहावं.

आणि आपल्या आठही घरांतून एकच उत्तर गेलं: आमचा चातुर्मास आहे, दिवाळीनंतर.

त्या वर्षी आश्विन अधिक होता. आदल्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी होती, 2020 मध्ये ती 14 नोव्हेंबरला. तोपर्यंत लाल माठ फुलावर येऊन गेला असता. इतर घरांना दोन-दोन जुड्या जास्त दिल्या, थोडी तिनं बाजारात नेऊन पडेल त्या भावानं विकली, उरलेली गुरांना. मी फोन केला, म्हटलं, ताई, माझं चुकलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "वयनी, आदी सांगलात असतात तर त्या वाफ्यात मी वाली लावलंय असतंय."

मैत्रिणींनो, मी त्या रात्री नीट झोपले नाही. आपण सूर्यास्ताआधी जेवतो, पाणी गाळून पितो, पानापानातला जीव बघतो. आणि एका बाईचे दोन महिने मातीत गेले, ते आपल्या एका न सांगितलेल्या वाक्यामुळं. व्रत आपलं, त्याचा खर्च तिच्या खात्यावर. मुनीमहाराजांच्या आहाराच्या वेळी चौक्यात कणभर चूक होऊ नये म्हणून जीव मुठीत धरणाऱ्या आपण, इथं कुणाच्या ध्यानातच आलं नाही की समोरची बाई जैन नाही, तिला आपल्या तिथी कशा कळणार?

मी पुष्कळ विचार केला आणि जे ध्यानात आलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. लोक म्हणतात, जैन गिऱ्हाईक अवघड. हे नको, ते नको, आज नको. पण हिशेबाच्या दृष्टीनं बघा. दुसऱ्या घरांची मागणी लहरीवर चालते. पाहुणे आले, मासळी महाग झाली, कंटाळा आला, लग्न निघालं. मालवणात तर मासळी स्वस्त झाली की भाजीकडं कुणी बघत नाही. आपला नकार मात्र पंचांगात छापलेला असतो. कधी पालेभाजी बंद, कधी सुरू, महिन्यातल्या कुठल्या चार दिवशी हिरवी भाजी नाही, हे आपण वर्षभर आधी सांगू शकतो. भाजी पिकवणाऱ्याला याच्याइतकं सोयीचं गिऱ्हाईक शोधून सापडायचं नाही. अट एकच, आपण सांगायला हवं. घराघरांत फरक असतात हे मला ठाऊक आहे. काही जणी वांगं घेत नाहीत, काही घेतात. कुणी पंचमीही पाळतं. पण आठ घरांचा एक कागद करायला अर्धा दिवस पुरतो. मला दोन लागले, कारण मध्येच नातवंडं आली.

2021 च्या एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले, दुकानं सकाळी सात ते अकरा. तेव्हा आमची घडी बसलेली होती, काही अडलं नाही. मग 16 मेला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं. ती रात्र मी विसरणार नाही. मळ्यातला मांडव झोपला, पंपाच्या खोपीवर माड पडला. कित्येक दिवस वीज नाही, मोबाईल बंद, ग्रुप बंद. बुधवारी सकाळी दुकानाच्या पायरीवर बघते तर पिशव्या हजर. भाजी काय, पाडून घेतलेल्या कच्च्या केळी, दोन-दोन काकड्या, थोडी चवळी. मी पोराला विचारलं, अरे, तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, यादी भिंतीवर लिहिलेली आहे. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर सगळीकडं वाचलं की महामारीत शेतकरी व्हॉट्सॲपनं तरला, ॲपनं तरला, ऑनलाइन पैशांनी तरला. आमचा मळा त्या आठवड्यात कोळशानं लिहिलेल्या वीस नावांवर चालला.

मग 2022 चा गुढीपाडवा आला आणि सरकारनं उरलेसुरले निर्बंध उठवले. बाजार भरला. सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. आणि महिन्याभरात वीस घरांची अकरा झाली. वर्षअखेरीला सहा. त्यांतली आपली तीन.

कारणं काय? मी विचारून बघितलं. "तिची भेंडी बाजारापेक्षा महाग पडते." कधी पडते, कधी स्वस्तही पडते, पण स्वस्त पडल्याचं कुणाच्या लक्षात राहत नाही. "सारखं पडवळ." हे मात्र खरं. ऑगस्टमध्ये तीन आठवडे ओळीनं पडवळ आलं तेव्हा माझ्याही सुनेनं कपाळाला हात लावला होता. "मुलांना फ्लॉवर हवा." बरोबर, मुलं आहेत. "आता वेळ कुठाय दुकानातून पिशवी आणायला?" यावर मी गप्प बसले.

दोष एकट्या गिऱ्हाइकांचा नाही. पर्यटन सुरू झालं तसा पोरगा होडीवर परत गेला, आणि जाणारच. तिथं एका हंगामात मिळतं ते पडवळात वर्षभरात मिळत नाही. मग पिशव्या कधी दहाला, कधी बाराला. एकदा भेंडीत अर्धी निबर निघाली, मी स्पष्ट सांगितलं. आणि कुणी असंही समजू नये की घाटावरची भाजी वाईट. ती पिकवणारे माझ्या माहेरचेच लोक आहेत, माझ्या चुलत भावांचा माल रात्रीच्या गाडीत असतो. त्यांची भाजी नसती तर अर्धं मालवण उपाशी राहिलं असतं. मी स्वतः आजही टोमॅटो, कोबी बाजारातूनच आणते. जवळचं तेवढं पवित्र आणि लांबचं पाप, असं माझं म्हणणं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की महिन्याला भाजीवर जे चार पैसे जातात त्यातला तिसरा हिस्सा तरी आधी शब्द देऊन खर्च करावा. उरलेल्यात हवी ती चंगळ करा. संकटात ती दारात आली तेव्हा आपण तिची भाजी उपकार म्हणून घेतली नव्हती. आपल्याला हवीच होती, रांगेत उभं राहायची भीती वाटत होती. तेव्हा तिनं भाव वाढवला असता तर आपण मुकाट्यानं दिला असता. तिनं वाढवला नाही. दोन वर्षं तोच भाव. आणि बाजार उघडल्यावर दोन रुपयांसाठी आपण तिला सोडलं. किराणा दुकानदाराची बायको म्हणून मला हे जास्तच लागतं. टाळेबंदीत आमच्या दारात दोरीपलीकडं उभी राहणारी घरं आज पाहिजे ते सामान कुरिअरनं मागवतात, हे मीही बघते आहे. आम्ही मनात म्हणतो, माणसं विसरतात. मग ताई माझ्याबद्दल काय म्हणत असेल? कारण ती सोडून गेलेली घरं मोजताना मी माझं घर मोजलं नव्हतं. खरं सांगते, मागच्या पावसाळ्यात दोन महिने माझीही पिशवी बंद होती. गुडघ्याचं दुखणं, सुनेची कुरकूर, अशी कारणं मीही दिली होती. दुकान खाली, घर वर, तरीही.

गेल्या महिन्यात मी मळ्यात गेले होते. वीस गुंठ्यांपैकी निम्म्यात आता काही नाही, नुसतं गवत. मांडव मात्र नवा घातला आहे. 11 जूनला तळकोकणात पाऊस आल्याचं जाहीर झालं खरं, पण नंतर तो असा रुसला की पडवळाच्या रोपांना हातानं पाणी घालावं लागलं, असं परवा ती फोनवर सांगत होती. मी म्हटलं, आपण परत सुरू करू, या खेपेला कागद आधी देते. ती हसली. म्हणाली, पहिला सांगा, अधिक महिन्यात चालता काय आणि चालत नाय काय. मग मी कॅलेंडर काढलं.

आता कामाचं. पोरगा नाही, म्हणून पिशव्या आठवड्यातून एकदाच, बुधवारी. वाडीतून दुधाची गाडी येते, तिच्यातून आमच्या दुकानापर्यंत येतील. अडीचशे रुपयांची पिशवी, महिन्याचे आगाऊ. दिवाळीपर्यंत पालेभाजी नाही, कंदमूळ कधीच नाही, पांढरा दोरा. बुधवारी अष्टमी किंवा चतुर्दशी असेल तर पिशवी गुरुवारी. 2023 चं लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला. त्यानंतरच्या पहिल्या बुधवारी लाल माठाच्या किती जुड्या लागतील, ते तिला आत्ता हवं आहे, म्हणजे ती ऑक्टोबरात तेवढाच वाफा टाकेल. मी माझ्या घराच्या दोन लिहिल्या आहेत. कुडाळच्या दोघींनी तीन-तीन सांगितल्या. मालवणातल्या दोन घरांचा होकार अजून यायचा आहे. त्या दोघी हे वाचतातच, म्हणून नाव लिहीत नाही. मी रविवारी सकाळी नऊला मळ्यात जायला निघते आहे, त्याच्या आत फोन करा.